ऊन पाण्यांतून उठतांना

कडाक्याच्या थंडींत उघड्या आकाशाखालीं ऊन पाण्यांत बसणें हें स्वर्गसुख आहे, असें कोणीं सांगितलें म्हणजे मला एकच विचारावेंसें वाटतें: आपण त्या स्वर्गांतून परत कसे आलांत? पाण्यांत बसण्याला कांहीं विद्या लागत नाहीं. खरी कसोटी आहे ती उठण्याची.

जपानांत या उघड्यावरच्या स्नानकुंडाला ‘रोतेनबुरो’ म्हणतात. २०१८ च्या जानेवारींत नागानो प्रांतांतील एका डोंगरी गांवीं मला त्याचा लाभ घडला. भोवतीं गुडघाभर बर्फ, आणि कुंडांत ४१-४२ अंशांचें पाणी! आंत उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुवावें, मग पायांपासून वर थोडें थोडें ऊन पाणी घेत जावें, म्हणजे देहाला एकदम धक्का बसत नाहीं. पंचा पाण्यांत बुडवावयाचा नाहीं, हा तेथील शिष्टाचार. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं खुणेनेंच मला त्याची घडी डोक्यावर ठेवावयास लावली. शिष्टाचारही सांभाळला गेला, आणि गार वाऱ्यापासून माझ्या विरळ केसांना थोडा आडोसाही मिळाला.

पाणी हवेपेक्षां सुमारें पंचवीस पट वेगानें उष्णता वाहून नेतें. म्हणून देह त्यांत इतक्या लवकर तापतो. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात. पण बाहेर येतांच त्याच फुललेल्या वाहिन्या मिळविलेली ऊब वाऱ्याला उधळून देतात, आणि अंगावरचें पाणी वाळतां वाळतां उरलीसुरली घेऊन जातें. यावर उपाय एकच. उठतांच पंचा पिळून जागच्या जागीं अंग टिपावें आणि तडक आंत जाऊन कोरडे कपडे चढवावे. ते कोणत्या टोपलींत आहेत, हें मात्र आधींच पाहून ठेवलेलें असावें. नरकचतुर्दशीच्या पहांटे परसांत बंबाच्या पाण्यानें आम्हांला न्हाऊ घालतांना आई हेंच शास्त्र एका वाक्यांत सांगे, “आधीं डोकें पूस, मग काय तें हूं हूं कर!”

त्याच प्रांतांत जिगोकुदानीच्या दरींत १९६४ सालीं माकडांसाठीं उद्यान झालें. तेथील माकडें हिवाळ्यांत ऊन कुंडांत खुशाल डुंबतात. पण त्यांना ईश्वरानें दाट लोकर दिली आहे. आमच्या वांट्याला आला आहे पंचा. शिवाय त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या घ्याव्या लागत नाहींत. जपानांत घरच्या स्नानाच्या टबांत दरसाल हजारों वृद्ध दगावतात, आणि त्यांतले बहुतेक हिवाळ्यांत. गार खोलींतून कढत पाण्यांत, पाण्यांतून पुन्हां गारठ्यांत, असे हेलकावे म्हाताऱ्या हृदयाला सोसत नाहींत. म्हणून माझ्या शेजारचे ते गृहस्थ दहा मिनिटांतच, पाणी अगदीं गोड लागत असतांना, कांठ धरून सावकाश उठले. त्यांच्यामागून मीही उठलों.

माझ्या निवृत्तीला आतां दीड वर्ष उरलें आहे. मुदतवाढीसाठीं खटपट करावी, असें स्नेही सुचवितात. वर्गांत पाऊल टाकतांच थांबणारी मुलांची कुजबुज अजून मला हवीशी वाटते. पाणी ऊन आहे, हें मी नाकारीत नाहीं. तथापि अर्ज मीं केलेला नाहीं. बरींच वर्षें अर्धवट पडलेलें एक भाषांतर मात्र गेल्या महिन्यांत फडताळांतून काढून टेबलावर ठेवलें आहे. कपड्यांची टोपली आधींच भरून ठेवलेली बरी.