परसातला बंब

आमच्या परसात, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, तांब्याचा एक जुना बंब आहे. घराच्या गच्चीवर उन्हाने पाणी तापविणारे यंत्र बसवून आता बरीच वर्षे झाली. परंतु आभाळ भरून आले की त्या यंत्राचा उपयोग होत नाही, आणि मग सारे घर मुकाट्याने परसाकडे वळते. बंब पेटविण्याचे काम घरात अजून माझ्याकडेच आहे. वयाच्या अकराव्या वर्षी ते माझ्याकडे आले आणि त्याच वर्षी त्या कामात माझ्या हातून एक मोठा अपराध घडला. तो कसा घडला ते सांगण्यापूर्वी बंब म्हणजे काय, हे सांगणे अवश्य आहे. कारण आजच्या पुष्कळ मुलांनी 'बंब' हा शब्द ऐकला असला, तरी तो आग विझविणाऱ्या गाडीसाठीच ऐकलेला असतो.

हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या भाषेतून आला. त्यांच्या भाषेत 'बोंबा' म्हणजे पाणी खेचणारा पंप. त्यामुळे आग विझविणारा तोही बंब आणि पोटात आग बाळगणारा हाही बंब, अशी मोठी गंमत झाली आहे. मी जन्मभर मराठी शिकविले. वर्गात ही गोष्ट निघाली की निजलेली मुलेही जागी होत.

तर आमचा हा बंब कमरेएवढा उंच आणि चांगला गरगरीत पोटाचा आहे. त्याच्या मध्यभागी वरपासून खालपर्यंत एक रुंद नळकांडे गेलेले असते. जळण टाकावयाचे ते या नळकांड्यात. त्याच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडण्यास मोकळी जागा, आणि नळकांड्याच्या भोवती चोहो बाजूंनी पाणी. चुलीवर हंडा ठेवला तर जाळ हंड्याच्या बुडाला लागतो आणि निम्मी ऊब इकडेतिकडे निघून जाते. बंबात जाळच पाण्याच्या कुशीत असतो. पाणी ओतण्यासाठी वरच्या अंगाला एक तोंड आणि गरम पाणी घेण्यासाठी खाली पितळी तोटी. काही बंबांना तोटी नसते. त्यांत नरसाळ्यातून जेवढे थंड पाणी ओतावे, तेवढेच गरम पाणी वरच्या नळीतून बाहेर पडते. असा बंब कधीही रिकामा होत नाही. आमचा तसा असता, तर ही हकीकत लिहिण्याची वेळच आली नसती.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, माण तालुक्यात. पाऊस कमी, आणि थंडीच्या दिवसांत पहाटेचा वारा मात्र अंगाला झोंबणारा. 1972 साली पाऊस जवळजवळ पडलाच नाही. विहिरी तळाला गेल्या. गावातील धडधाकट माणसे दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाऊ लागली. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यामुळे आमच्या घरी महिन्याचा पगार येत होता, परंतु पाणी पगाराने मिळत नव्हते. एरव्ही बंबात चार घागरी पाणी पडत असे. त्या हिवाळ्यात दोन पडू लागल्या. त्या दोन घागरी संध्याकाळी लांबच्या विहिरीवरून आणून बंबात ओतणे आणि पहाटे बंब पेटविणे हे काम माझे होते.

पौषातील एका संध्याकाळी मी खेळण्यात रमलो आणि पाणी आणावयास गेलोच नाही. आईने विचारले तेव्हा "भरलं" असे सांगून मोकळा झालो. सकाळचे थोडे तरी पाणी बंबात शिल्लक असेलच, असा माझा हिशेब होता. परंतु ते पाणी भांडी घासणाऱ्या मावशींनी दुपारी आईला विचारूनच काढले होते. ते किती उरले होते, हे आईने पाहिले नव्हते, आणि मी तर नव्हतेच पाहिले. पहाटे अंधारात मी नळकांड्यात तुराट्या टाकल्या, वर बाभळीच्या ढलप्या रचल्या आणि काडी ओढली. त्या दिवशी जाळ नेहमीपेक्षा लवकर धरला म्हणून मला आनंदच झाला. थोड्या वेळाने बंबातून चटचट आवाज येऊ लागले. मग एक विचित्र वास आला. मी कंदील जवळ नेऊन पाहतो तो तळाच्या सांध्यातून चांदीसारखे थेंब ओघळत होते. पाहता पाहता तोटी वाकडी झाली आणि राखेत गळून पडली.

आवाज ऐकून सारे धावत आले. आई म्हणाली, "पाणी तर भरलं होतं ना रे?" मी म्हणालो, "हो." एकदा खोटे बोलून झाले होते, आता दुसऱ्यांदा बोलणे सोपे गेले. मी पाणी भरले होते, त्या अर्थी ते कोणीतरी काढले, हे उघडच होते. मावशी कामावर आल्या तेव्हा आईने त्यांना विचारले, "संध्याकाळी पुन्हा पाणी काढलंत का हो?" शब्द तेवढेच, पण त्यांतला रोख कोणाच्याही ध्यानात आला असता. मावशी नाही म्हणाल्या. आई पुढे काही बोलली नाही. ते न बोलणेच फार वाईट होते. मावशींचा नवरा त्या वेळी खडीच्या कामावर होता, घरात तीन मुले होती, आणि आमच्या घरचे काम सुटणे त्यांना परवडणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "वैनी, दुरुस्तीचं पैसं माझ्या पगारातनं कापून घ्या."

मी तेथेच ओसरीवर पाटी घेऊन बसलो होतो. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. रात्री अण्णा वही तपाशीत बसले असता मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि सर्व सांगून टाकले. मला वाटले होते, मार बसेल. अण्णांनी टाक खाली ठेवला, बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "उद्या सकाळी मावशी आल्या की त्यांना हे तूच सांगायचं. रविवारी माझ्याबरोबर तांबटाकडे यायचं." एवढे बोलून त्यांनी पुन्हा टाक उचलला.

मावशींना सांगताना माझी जीभ टाळूला चिकटली होती. त्यांनी सारे ऐकून घेतले. मग ओल्या हाताने माझा हात पालथा करून पाहिला आणि विचारले, "भाजलं तर न्हाई ना कुठं?" दाराशी उभी असलेली आई आत निघून गेली.

रविवारी बंब सायकलच्या मागे बांधून आम्ही तालुक्याच्या गावी गेलो. सायकल अण्णा ढकलत होते आणि बंब मी धरला होता. पुण्याच्या कसबा पेठेत तांबटांची एक आळीच आहे, तशी काही तेथे नव्हती. एकच म्हातारे तांबट एका पडवीत ठोकत बसलेले असत. त्यांनी बंब आडवा पाडला, आत हात घातला, आणि काजळीने काळा झालेला पंजा बाहेर काढून अण्णांना दाखविला. "गुरुजी, ह्यो मोडला त्याआधीच आजारी होता," ते म्हणाले. अण्णांनी मला भात्यापाशी बसविले. दिवसभर मी भाता ओढीत होतो आणि म्हातारेबुवा काम करता करता बोलत होते. शाळेतील पुष्कळ धडे मी विसरलो. तो धडा विसरलो नाही.

सांध्याला जो डाग लावतात तो कथील आणि शिसे यांचा असतो आणि साधारण दोनशे अंशांच्या आसपास तो वितळतो. परंतु बंबात पाणी असेपर्यंत त्याला भय नाही. कारण उघड्या भांड्यातील पाणी शंभर अंशांच्या वर जातच नाही, आणि पाण्याला टेकलेले तांबे त्याहून फारसे तापत नाही. पाणी संपले की हे संरक्षण गेले. म्हाताऱ्यांना हे अंश ठाऊक नव्हते. ते मी पुढे शिकलो. त्यांनी एवढेच सांगितले की, काडी ओढण्याआधी बंबावर बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. भरलेला बंब 'बद्द' बोलतो, रिकामा 'टण्ण' बोलतो.

मग त्यांनी काजळीचे सांगितले. तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेते, म्हणून तर बंब तांब्याचा. पण आतून काजळीचा थर बसला की त्या तांब्याला घोंगडी पांघरल्यासारखे होते. काठीला काथ्याचा बोळा बांधून दर आठवड्याला नळकांडे घासून काढावे. जाळीखालची राख रोज सकाळी काढावी. राख साचली की खालून वारा मिळत नाही, जाळ गुदमरतो आणि धूर होतो. "धूर म्हंजी जळायचं राहून गेलेलं लाकूड," म्हातारे म्हणाले. इतकी नेमकी व्याख्या मला पुढे कोठल्याही पुस्तकात सापडली नाही. आम्ही मात्र नळकांडे ठासून भरीत असू आणि भरपूर धूर निघाला की बंब चांगला पेटला असे समजत असू. आई त्या धुराने खोकत असे. मनगटाएवढ्या जाडीचे तुकडे, तेही दोन-तीनच एका वेळी, आणि जाळ उतरू लागला की पुढचे; अशी रीत पाळू लागल्यावर तिचा खोकला बराच कमी झाला.

लाकूड वाळलेले हवे, हे सर्वांना ठाऊक असते, पण कोणी पाळीत नाही. पुढे मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी मला याचा हिशेब करून दिला होता. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणीच असते. ते पाणी वाफ होऊन निघून जावे लागते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्याच लाकडाच्या पोटातून खर्च होते. म्हणजे आंघोळीचे पाणी तापण्याआधी आपण सरपणातले पाणी उकळीत बसतो! चांगले वाळलेले एक किलो लाकूड साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता देते. चाळीस लीटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर नेण्यास एक हजार पुरतात. हिशेबाने पाव किलोहून थोडे अधिक सरपण पुरावयास हवे. प्रत्यक्षात मला पाऊण किलो लागते. हे उरलेले अर्धा किलो कोठे जाते, असे ते शिक्षक विचारीत आणि आम्ही दोघे हसत असू. मात्र लहानपणी आम्ही याच्या दुप्पट जाळीत होतो. त्यामुळे आता लाकडे फोडून एक पावसाळा व एक उन्हाळा छपराखाली उभी रचून ठेवल्याखेरीज मी बंबात घालीत नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी तांबटांनी नव्हे, तर वाटेत अण्णांनी सांगितली. बंब न्हाणीघरात का नाही, परसातच का, असे मी विचारले होते. जळत्या निखाऱ्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साचला तर माणूस झोपेतच जातो. थंडीच्या रात्री शेगडी आत घेऊन दारे-खिडक्या लावून निजलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आजही वाचावयास मिळतात. म्हणून शेवटचा जाळ विझल्यावर नळकांड्यावर झाकण ठेवून निखाऱ्यांची ऊब राखावी, पण बंब उघड्यावरच असावा. आणि पाण्याच्या तोंडावरचे टोपण कधीही घट्ट दाबू नये. वाफेला वाट हवी.

दुरुस्तीचे आठ रुपये झाले. मावशींचा आमच्याकडचा महिन्याचा पगारही तेवढा नव्हता. अण्णांनी ते दोन हप्त्यांत दिले. घरी आल्यावर मी दोन घागरी आणून बंब भरला, पेटविला, आणि पाणी तापल्यावर आईने पहिली बादली मावशींसाठी काढून ठेवली. त्यांनी ती घरी नेली. आमच्याकडे आंघोळ करावयास त्या संकोचल्या.

तोटी त्यानंतर दोनदा बदलली. डाग मात्र तोच आहे. चिंच आणि राख लावून बंब घासला की तळाशी त्याची पांढुरकी रेघ दिसते. मागच्या श्रावणात चार दिवस ऊन नव्हते. पाचव्या पहाटे मी परसात गेलो, बंबापाशी बसलो आणि सवयीप्रमाणे बोटाचे पेर वाजविले. दारातून सून म्हणाली, "बाबा, भरलाय हो. रात्री दोनदा सांगितलं तुम्हाला." मी आणखी एकदा वाजवून पाहिले आणि मग काडी ओढली.