सालईचा डिंक गुडघ्याला चालतो, पण झाड जगलं तर

सातपुड्याच्या उतारावर सध्या सालई निष्पर्ण उभी आहे. साल कागदासारखी सुटते, लाकूड हलकं, इमारतीला चालत नाही. म्हणून आपण तिला किंमत देत नाही. पण मेडिकलमध्ये 'शल्लकी' नावानं मिळणाऱ्या सांधेदुखीच्या गोळ्या याच झाडाच्या डिंकापासून बनतात. माझ्या आईला डॉक्टरांनी त्याच लिहून दिल्या, म्हणून जरा खोलात गेलो.

आधी नावाचा घोळ. बाजारात याला 'सालई गुग्गुळ' म्हणतात, पण खरा गुग्गुळ वेगळ्या, काटेरी झुडपाचा. सालईचा डिंक म्हणजे कुंदुरू, जो धुपातही जातो.

या डिंकात बॉसवेलिक आम्लं असतात. शरीरात सूज वाढवणारे पदार्थ ज्या एन्झाइममुळे तयार होतात, त्याला ती अडवतात. नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याची झीज झालेल्या ३० रुग्णांवर केलेली चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. ८ आठवड्यांच्या औषधानं दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालणं वाढलं. एक्स-रेत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे दुखणं उतरतं, झिजलेला सांधा भरून येत नाही. आईलाही हेच समजावलं.

चाचणी लहान होती आणि औषध म्हणजे डिंकाचा अर्क होता. त्यामुळे कच्चा डिंक अंदाजानं खाऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. दमेकऱ्याजवळ धूरही करू नका.

आता झाडाचं. डिंक काढायचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. खोडाची साल पातळ तासली की चीक येऊन घट्ट होतो. तो महिनाभर बांबूच्या टोपलीत ठेवला की पातळ रस निथळून जातो. पण जास्त डिंकाच्या हावेनं कुऱ्हाडीचे खोल घाव घातले, खोडाभोवती सगळी साल काढली, तर झाड वाळतं. आमच्या डोंगरात अशी वाळलेली खोडं दिसतात. बरं, जंगलातलं झाड परवानगीशिवाय चिरायचंही नाही.

सालई जाड फांदी लावूनही जगते, मुरमाड जमीन चालते, गुरं तिला फारसं तोंड लावत नाहीत. यंदा पावसाळ्याआधी पडीक बांधावर पाच फांद्या लावतोय. तुम्हीही लावून बघा. किती फुटल्या ते पोळ्याला एकमेकांना सांगू.