नव्या चाकूची पारख

शेफील्डमधल्या रोजनिशीतील काही पाने

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४

संध्याकाळी चाकू करणाऱ्या एका तरुणीच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या माडीवरची खोली. खिडकीखाली कामाचं टेबल, त्याला व्हाइस, भिंतीवर ओळीनं कानशी, कोपऱ्यात पट्ट्याचा ग्राइंडर आणि विजेची छोटी भट्टी. ती तिशीतली. आधी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या एका कारखान्यात पॉलिशचं काम करायची. ते सोडून आता खिशातले घडीचे चाकू करते, तेही जुन्या पद्धतीचे. शनिवारी तिचे चाकू पहिल्यांदा दर्दी माणसांच्या हातात पडणार आहेत.

आज पात्यांना पाणी द्यायचं होतं. माझी नोकरी पोलादाच्या प्रयोगशाळेत झाली, म्हणून अशा वेळी ती मला बोलावते. पातं सुमारे आठशे अंशांवर लालभडक झालं की तेलात बुडवायचं. तेव्हा ते काचेसारखं कठीण आणि तितकंच ठिसूळ होतं. मग पुन्हा हलक्या आचेवर तापवायचं. पात्यावर गवती पिवळा रंग चढला की थांबायचं, म्हणजे ते धार धरतं आणि तुटतही नाही. पाठीची स्प्रिंग मात्र निळी होईपर्यंत तापवावी लागते. तिला धार धरायची नसते. वर्षानुवर्षं वाकून पुन्हा सरळ व्हायचं असतं.

या चाकूला कुलूप नसतं, खटका नसतो. पात्याच्या चौकोनी बुडावर स्प्रिंग दाबून बसलेली असते आणि त्या दाबावरच पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं. भागही मोजकेच: पातं, स्प्रिंग, दोन पितळी पत्रे, मुठीच्या दोन फळ्या, काही रिव्हेट. लपवायला कुठे जागाच नसल्यामुळे करणाऱ्याचा हात त्यात उघडा दिसतो.

गुरुवार, १० ऑक्टोबर

तिच्याबरोबर केल्हम आयलंडचं संग्रहालय पाहिलं. शेफील्डच्या सुऱ्या-चाकूवाल्यांचा संघ, कटलर्स कंपनी, १६२४ साली कायद्यानं स्थापन झाला. यंदा त्याला चारशे वर्षं झाली. कारागिरांना स्वतःची खूण नोंदवून देण्याचं काम या संघाकडे होतं, आणि दुसऱ्याची खूण चोरणाऱ्याला शिक्षा होई. सही करता न येणाऱ्या माणसालाही आपल्या कामामागे उभं राहता येत होतं, ते या खुणेमुळे.

जुन्या शेफील्डात एक चाकू अनेक हातांतून जाई. पातं घडवणारा वेगळा, ते शाणेवर धरणारा वेगळा, सगळे भाग जुळवणारा वेगळा. एखादी खोली किंवा शाण भाड्यानं घेऊन स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्यांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. जोसेफ रॉजर्स कंपनीनं १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी केलेल्या ‘नॉरफोक’ चाकूला पंचाहत्तर पाती आणि अवजारं होती. त्याचं कौतुक सगळे करतात. मला मात्र शाणेवरची माणसं आठवतात. दगडाची आणि पोलादाची धूळ फुप्फुसात जाऊन ती ऐन उमेदीत दगावत. कोरड्या शाणेवर काम करणाऱ्यांचे हाल सर्वांत वाईट. त्या धुळीची किंमत देऊन हे शहर जगाला धार पुरवत होतं. तिच्या खोलीत धूळ ओढणारा पंखा आहे आणि तोंडावर मास्क चढवल्याशिवाय ती ग्राइंडर सुरू करत नाही, याचं मला फार बरं वाटतं.

स्टॅन शॉ यांच्याविषयी बराच वेळ बोललो. १९४१ साली, पोरवयात, ते इबर्सन यांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले. पुढे आयुष्यभर चाकूच केले, आणि २०२१ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले. त्यांच्यासारखी सगळी कामं एका हाती करणारी माणसं आता या शहरात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ती म्हणाली, “त्यांना माझा एक चाकू दाखवता आला असता तर!” त्यांना आता दाखवता येणार नाही, पण त्यांच्या हातचे चाकू ज्यांनी वापरले ती माणसं आहेत. परवा तीच भेटतील.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी बायकोनं कुंडीतला झेंडू खुडून आणला. माझ्या कानशी, मायक्रोमीटर आणि चाकू पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलं. चंद्रपूरकडे आमच्या घरी विळे-कोयते असेच मांडत. आदल्या दिवशी ते पाजवून ठेवायचे, कारण बोथट हत्याराची पूजा करायची नाही असा वडिलांचा दंडक होता.

दुपारी पबच्या मागच्या खोलीत बैठक. एक निवृत्त कारागीर, एक माळी, मेंढ्या पाळणारे एक गृहस्थ, आणि लॅम्बफूट घाटाच्या चाकूंचा नाद असलेल्या एक शिक्षिका. लॅम्बफूट म्हणजे सरळ धारेचं, टोक खाली उतरलेलं पातं. मेंढ्यांचे खूर छाटायला ते सोयीचं. इथल्या कायद्यानं तीन इंचांपर्यंत धार असलेला, घडीचा, कुलूप नसलेला चाकू विनाकारणही खिशात ठेवता येतो. चाकूहल्ल्यांच्या बातम्या वाचून ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांत ही मंडळीही आहेत. म्हणून चाकू इथे मिटलेलाच दुसऱ्याच्या हातात देतात आणि काम नसेल तर उघडत नाहीत.

तिनं चाकू कापडावर मांडले. कुणीही आधी मुठीची कलाकुसर पाहिली नाही. कारागिरानं एक उचलून खिडकीकडे धरला. स्प्रिंग आणि पत्र्यांच्या मधून उजेडाची रेघ दिसते का ते पाहिलं. मग नखाच्या खाचेत नख घालून पातं हळूहळू उघडलं आणि हाताबरोबर कानही दिला. अर्ध्यावर एक टिचकी, पूर्ण उघडल्यावर दुसरी. अंगठा पाठीवरून फिरवला. मिटला. पुन्हा उघडला. खोलीत सगळे थांबले होते.

“हे बघ लव्ह,” ते म्हणाले. इथले म्हातारे सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणतात. “उघडा सपाट आहे, मिटलेला सपाट आहे. अर्ध्यावर स्प्रिंग केसभर वर येते.”

ती रागावली नाही, सारवासारव केली नाही. विचारलं एवढंच, “कुठलं आणि किती काढू?” त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पात्याच्या बुडाला तीन बाजू असतात: मिटलेल्या स्थितीची, अर्ध्याची, उघड्याची. पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्यापासून तिन्ही बाजूंचं अंतर जुळलं तरच स्प्रिंग तिन्ही वेळा पाठीशी सपाट राहते. अर्ध्यावर ती वर येते, याचा अर्थ मधली बाजू उंच आहे. “स्प्रिंगला हात लावू नकोस. बूड घास, पण कानशीनं नको, दगडानं. जास्त गेलं तर परत लावता येत नाही.” जन्मभराची विद्या त्यांनी त्या कागदावर देऊन टाकली.

मग मुठीवर गाडी आली. माळ्यानं विचारलं, सांबरशिंग का नाही? त्याच्या वडिलांच्या चाकूला तेच होतं. शेफील्डच्या उत्तम चाकूंना भारतातलं सांबरशिंग लावत, कारण ते भरीव आणि चिवट असतं, आणि त्याचा खडबडीतपणा ओल्या हातातही पकड देतो. इथे मात्र मी बोललो. ताडोब्याच्या रानात मी सांबरं पाहिली आहेत. नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि गळलेली शिंगं साळिंदरं कुरतडतात; त्यांतून त्यांना कॅल्शियम मिळतं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार ती पडलेली शिंगंही कुणाला उचलता येत नाहीत, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांची निर्यातही थांबली. बाजार उघडा राहिला की गळलेलं शिंग कुठलं आणि मारून आणलेलं कुठलं, हे व्यापाऱ्याच्या शब्दावर सोडावं लागतं. बंदी योग्यच आहे, असं मी सांगितलं. माळ्यानं मान हलवली आणि तिच्या गाईच्या हाडाच्या मुठीवरून बोट फिरवून म्हणाला, “हीही चांगली बसते हातात.”

रविवार, १३ ऑक्टोबर

काल एकही चाकू विकला गेला नाही, तरी बैठक सत्कारणी लागली असं मी ठामपणे म्हणेन. हा धंदा नुसत्या स्वस्त मालानं बुडाला असं सगळे सांगतात. मला वाटतं, त्याच्या जोडीला गिऱ्हाइकाची नजरही गेली. १९१३ साली याच शहरात हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारं पोलाद शोधलं. त्यानं घरोघरच्या बायकांचं सुऱ्या घासण्याचं काम वाचवलं, ते मोठंच. पण पुढे नुसती चकाकी पाहून चाकू घेतला जाऊ लागला. स्प्रिंगचा दाब आणि पात्याचा आवाज ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी कारागिरानं मधली बाजू दगडावर का घासत बसावं?

काचेच्या कपाटात चाकू टिकतो, कसब टिकत नाही. कसब टिकायला केसभर चूक ओळखणारा माणूस लागतो, आणि ती चूक प्रेमानं, नेमकी जागा दाखवून सांगणारा. खरा दर्दी तो. पेट्यांमध्ये चाकू साठवून कधीच न उघडणाऱ्याला मी दर्दी म्हणणार नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

ती आज पुन्हा बैठकीला आली. तोच चाकू कारागिराच्या हातात दिला. खिडकी, नख, कान, अंगठा. अर्ध्यावर अंगठा थांबवून त्यांनी तो दोनदा फिरवला आणि चाकू खिशात घातला. मग पैसे मोजले. एवढ्या मोठ्या कारागिरानं दुसऱ्याचा चाकू विकत घ्यावा, याहून मोठी पावती कुठली? मेंढपाळ गृहस्थांनी लॅम्बफूट सांगितला, शिक्षिकेनं आपल्या भावासाठी एक. भेट म्हणून चाकू मिळाला तर देणाऱ्याला एक नाणं द्यायचं, नाहीतर मैत्री कापली जाते, असं इथे मानतात. शिक्षिकेनं ते नाणं भावाकडून घ्यायचं आधीच ठरवून टाकलं.

पात्यावर अजून तिची खूण नाही. कारागिरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, नवा ठसा करायला दिला आहे, पुढच्या चाकूपासून उमटेल. ते म्हणाले, “आता उमटव. आता तुला ती निभावता येईल.”

निघताना मी सगळ्यांना एक विनंती केली आणि ती मान्य झाली. पुढच्या बैठकीला प्रत्येकानं एका तरुणाला बरोबर आणायचं. त्याच्या हातात एक चांगला आणि एक वाईट चाकू द्यायचा, आणि फरक त्याच्या अंगठ्याला कळेपर्यंत त्याला उठू द्यायचं नाही. ती एकटी वर्षाला कितीसे चाकू करणार? पण ते ओळखणारी माणसं आम्ही वाढवू शकतो, आणि तिच्यानंतर कुणाला हे काम करावंसं वाटलं तर त्याला लागणार आहेत तीच.