काळी वायर

गाडीत टेप बसवताना घरच्यांचे सगळे लक्ष स्पीकरकडे असते. 'अर्थ'च्या वायरीची चौकशी कुणी करत नाही. मला मात्र ती करावी लागली.

पक्षाघातानंतर आईला पंधरवड्यातून एकदा धारवाडला न्यावे लागते. बोलताना तिचे शब्द अडतात. मराठी आणि माहेरचे कन्नड, दोन्हीही. पण गदगच्या पंडित भीमसेन जोशींचा अभंग किंवा दासरपद लागले, की त्यांच्या मागोमाग तिचेही शब्द सुटतात. नवा टेप आला आणि गाण्यात शिट्टी वाजू लागली. गाडीचा वेग वाढला की शिट्टीही चढे. आई कानांवर हात ठेवी.

टेप बसवणारा म्हणाला, "जुन्या गाड्यांत असं होतंच." शेवटी आमच्या गल्लीतल्या गाड्यांच्या वायरमनला बोलावले. त्याने टेप बाहेर ओढून समजावले. टेपची पिवळी वायर थेट बॅटरीकडे, लाल चावीबरोबर चालू होणारी आणि काळी गाडीच्या बॉडीला. वीज बॉडीतूनच बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतते. गाडीकडच्या वायरींचे रंग मात्र वेगळे असू शकतात. म्हणून त्याने आधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढले, मीटर ओहमवर ठेवला, एक टोक उघड्या लोखंडाला लावले आणि दुसरे एकेका वायरीला. जिथे काटा शून्याला टेकला, ती अर्थ. स्पीकरच्या वायरी त्याने वेगळ्या ठेवल्या. एअरबॅगच्या पिवळ्या आवरणातल्या वायरींना तर हातही लावला नाही.

आमची काळी वायर रंग दिलेल्या पट्टीवर स्क्रूने दाबली होती. रंगातून वीज नीट जात नाही. त्याने पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत केले, वायरीला गोल लग लावला, बोल्ट घट्ट आवळला आणि मला विचारले, "अर्थ आतेनरी, सर?"

अंगणात खुर्चीवर बसलेली आई खुदकन हसली. माझ्याआधी तिलाच तो विनोद कळला होता.

पुढच्या फेरीला शिट्टी नव्हती. कित्तूर मागे पडले तरी आई गातच होती.