फोंड्यातलं दुकान आणि काळ्या पाटीची गाडी

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली आणि मी आईला घेऊन फोंड्याला राहायला आले. पुण्यातली गाडी निघतानाच विकली. परराज्यातली गाडी आणायची म्हणजे ना-हरकत दाखला, रस्ताकर, वर्षाच्या आत नव्यानं नोंदणी. त्यापेक्षा इथंच, गोव्याच्या नंबरची घेऊ म्हटलं. हवी ती गाडी यायला बरेच महिने लागणार होते, पण त्याची चिंता करू नको असं जो तो सांगत होता. गोव्यात भाड्याच्या गाड्यांना काय तोटा! वाणसामानाबद्दल मात्र मला फार काळजी होती. आईचं पथ्य, तिची ठरलेली ज्वारी, तिचा ठरलेला तांदूळ. ते सगळं कुठं शोधायचं?

प्रत्यक्षात घडलं ते नेमकं उलट.

आमच्या इमारतीखालचा गाळा आम्ही आलो तेव्हा बंद होता. मे संपता संपता एका सकाळी शटर वर गेलं, उंबऱ्याशी नारळ फुटला आणि दुकान सुरू झालं. पाऊस तोंडावर आलेला. गोव्यात या दिवसांत पुरुमेंताची धांदल असते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुक्या मिरच्या, चिंच, सोलां, कांद्याच्या माळा, सुकी सुंगटां, खारे बांगडे, सगळं आत्ताच भरून ठेवायचं. त्यामुळे नव्या दुकानात पहिल्याच दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पोती दारापर्यंत आलेली, छताला कांद्याच्या माळा टांगलेल्या, आणि त्या सगळ्यात मी हातात पुण्याची यादी घेऊन उभी. इंद्रायणी तांदूळ, गोडा मसाला, आमसुलं.

दुकान चालवतात ते साठीचे गृहस्थ. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही म्हणते. सोबत त्यांची सून असते; हिशेब, फोन, पोदेराचे म्हणजे पाववाल्याचे पैसे हे तिचं खातं. भाऊंनी माझी यादी वाचली, आमसुलांवर बोट ठेवलं आणि आतून एक बरणी काढली. "बाय, हीं सोलां पळय." काळीभोर, ओली, एकमेकांना चिकटलेली सोलां. त्यांनी एक पाकळी माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटांनी चोळायला सांगितली. रातांब्याची साल त्याच्याच रसात पुन:पुन्हा भिजवून उन्हात घातली की ती अशी होते, कितीदा भिजवली त्यावर तिचा दर्जा ठरतो, हे त्यांनी तिथंच, गर्दी थांबवून सांगितलं. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणी कुरकुरलं नाही. उलट एकीनं सांगितलं, मीठ पांढरं वर आलेलं दिसलं तर घेऊ नको. दुसरीनं सांगितलं, कढीला चार पुरे होतात. मी इतकी वर्षं आमसुलं वापरली, पण ती हातात धरून बघावीत असं मला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून रोज काही ना काही नवं कळत गेलं. उकडा तांदूळ ही माझ्यासाठी संपूर्ण नवी गोष्ट होती. लालसर, जाडा, शिजायला वेळ घेणारा, कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्यांना दाद न देणारा. भाऊंकडे त्याचे प्रकार आहेत. खाजन शेतीतला कोरगुट ते वेगळा ठेवतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं भिजणाऱ्या जमिनीतही तो तग धरतो. त्याची पेज आईच्या पोटाला मानवली. सकाळी अकराच्या सुमाराला वाटीभर पेज, बाजूला खाराची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा, हे आता तिच्या दिवसाचं गणित झालं आहे. पुण्यात तिला भूक लागत नाही म्हणून मी हवालदिल व्हायचे.

मिरच्यांचंही तसंच. बेडगी आणि लवंगी एवढ्यावर माझं ज्ञान संपत होतं. इथं काणकोणातल्या खोल्याची मिरची वेगळी, पेडण्यातल्या हरमलची वेगळी. खोल्याची रंगाला देखणी आणि तिखटाला बेताची, त्यामुळे आईलाही चालते. तेफळं मी पहिल्यांदा बघितली ती इथंच. आतलं काळं बी काढून टाकायचं, साल तेवढी पाण्यात जराशी ठेचायची आणि बांगड्याची आमटी उतरवता उतरवता घालायची, हे भाऊंच्या सुनेनं मला कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी अजून माझ्या फ्रिजवर आहे. जुलैत फणसाची भिकणां, म्हणजे आठळ्या, आल्या. श्रावणात पातोळ्यांसाठी हळदीची पानं आली, गड्डी बांधून, दाराशीच बादलीत उभी करून ठेवलेली. संध्याकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत येतो आणि एक टोपली दुकानात ठेवून जातो: उंडे, कोंडा लावलेल्या पोळ्या, बांगडीसारखी काकणां. ऊन पोळी कागदात गुंडाळून वर आणायची आणि चहात बुडवायची. दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहून आलेल्या माणसाला याहून वेगळं काही नको असतं.

ताज्या भाजीला दुकानात जागा कमी. भाऊ स्वत:च मला समोर, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर पाठवतात. तिथं बेळगावकडची भाजी सरकारी सवलतीच्या दरानं मिळते. "आमगेर म्हारग, थंय व्हर," असं दुकानदारच सांगतो हे मला सुरुवातीला खरंच वाटेना.

चवथीच्या आधी दुकानाचं रूपच बदललं. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, लाकडी चौकटीला रानातली आणि परसातली फळं टांगून. बाणस्तारीच्या बाजारात तिचं सगळं सामान मिळतं, पण आईला त्या गर्दीत नेणं शक्य नव्हतं. भाऊंनी दाराशीच दोरीवर कवंडळं, घागऱ्यो, तोरिंगां, सुपारीचे घोस लावले. कोणतं फळ कुठल्या रानात मिळतं, कोणतं खायचं नाही, केवळ बांधायचं, हे त्यांनी आईला खुर्चीवर बसवून एकेक हातात देऊन सांगितलं. आमच्या घरात पहिल्यांदा माटोळी बांधली गेली. लहानशीच, पण पूर्ण.

आता गाडीकडे येते, आणि इथं माझा आवाज थोडा चढेल.

गाडी मला हौसेसाठी नको होती. आईच्या गुडघ्याचे उपचार बांबोळीच्या रुग्णालयात सुरू आहेत. माझी कामाची पाळी संपते तेव्हा बस मिळेनाशी होते. दिवसा फोंडा–पणजी बसची ये-जा बरी असते, पण गुडघा धरून बसलेल्या सत्तरीच्या बाईला बसच्या उंच पायरीवर कसं चढवायचं? म्हणून महिनोन्महिने भाड्याची गाडी.

पहिला गोंधळ पाट्यांचा. खाजगी गाडीची पाटी पांढरी, टॅक्सीची पिवळी, आणि स्वत: चालवायला भाड्यानं देतात त्या गाडीची काळी, तिच्यावर पिवळे आकडे. हे मला माहीत नव्हतं. पहिल्या फोनवर जी गाडी दाखवली ती पांढऱ्या पाटीची होती, आणि भाडंही कमी. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्यानं वेळीच अडवलं. खाजगी नोंदणीची गाडी भाड्यानं देणं बेकायदा. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि सगळं आपल्या गळ्यात. आईला शेजारी बसवून मी तो धोका कसा पत्करणार? काळी पाटीच हवी असा हट्ट धरला, तर भाडं एकदम वर गेलं.

आणि काळ्या पाटीची गाडी मिळाली तरी प्रश्न सुटले नाहीत. फोनवर बोलणारा एक, गाडी आणून देणारा दुसरा, पैसे घेणारा तिसरा. तिघांपैकी जबाबदार कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सांगितलेली गाडी वेगळी, दारात उभी राहिलेली वेगळी. पेट्रोलचा काटा तळाला, त्यामुळे पहिलं काम पंप गाठायचं. परत देताना टाकीत जास्त पेट्रोल राहिलं तर ते त्यांचं, कमी राहिलं तर पैसे माझे. गोव्याच्या मुसळधार पावसात वायपरचं रबर फाटलेलं निघालं. फर्मागुढीचा चढ चढताना समोर नुसता पांढरा पडदा, मागे टिप्पर, शेजारी आई. मी गाडी कडेला घेऊन पाऊस ओसरेपर्यंत थांबले, आणि फोन लावला तर उत्तर मिळालं की वायपर तर चालतोय ना?

ओरखड्यांचा छळ त्याहून मोठा. गाडी घेताना चारही बाजूंनी चित्रफीत काढायची, छत, टायर, आतली आसनं, सगळ्याची, हे मी शिकले. शिकूनही एका गाडीच्या बंपरखालची, वाकल्याशिवाय न दिसणारी रेघ माझ्या नावावर लागली आणि अनामतीतून पैसे कापले गेले. उरलेली अनामत परत मिळवायला फोन करत बसावं लागलं. त्यांनी ओळखपत्राची मूळ प्रत मागितली होती. ती मी दिली नाही, छायाप्रत दिली, आणि त्यावरूनही वाद झाला.

सगळ्यात जास्त लागलं ते सावंतवाडीचं. आईची धाकटी बहीण तिथं असते. फोंड्याहून निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. पण गाडी राज्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे न्यायची नाही, अशी अट. दुसऱ्या राज्यात व्यावसायिक गाडी न्यायची तर तिथला कर आणि परवाना बघावा लागतो हे मला कळतं. पण तो भरून घ्या, पैसे मी देते, असं म्हटल्यावरही कुणी तयार होईना. मावशी तिकडे, आई इकडे, आणि मधे एक नाका.

डिसेंबरमध्ये तर कहरच झाला. पावसाळ्यात जी लहान गाडी दिवसाला हजार-बाराशेला मिळायची, तिचा भाव नाताळच्या आठवड्यात अडीच हजारांवर गेला, आणि आईच्या बांबोळीच्या तारखेला एकही गाडी मोकळी नव्हती. मी महिनोन्महिने त्याच माणसांकडून गाडी घेत होते. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

तेव्हा मला दुकान आणि भाड्याची गाडी यांतला भेद नीट उमगला. भाड्याच्या गाडीचा सगळा व्यवहार चार दिवसांच्या पाहुण्यासाठी बेतलेला आहे. तो विमानतळावरून येणार, किनाऱ्यावर जाणार आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही. म्हणून अनामत, म्हणून बंपरखाली वाकणं, म्हणून कमावण्याचा हंगाम तेवढाच. किराणा दुकानाचं पोट मात्र मी उद्या पुन्हा येण्यावर चालतं. दोघांकडे मी सारखीच अनोळखी होते. भाऊंनी मला कागद मागितला नाही. महिनाअखेरीला माझ्याकडे सुटे नव्हते, तेव्हा "फाल्यां दी" म्हणाले आणि निळ्या वहीत माझं पान उघडलं. त्या पानावर नुसतं 'वयली बाय', म्हणजे वरची बाई, एवढंच लिहिलेलं आहे.

गोव्यात कामासाठी येऊन राहणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. नर्सेस, शिक्षक, कारखान्यातले तंत्रज्ञ. त्यांच्यासाठी महिन्याच्या ठरावीक दरानं गाडी देणारं कुणीतरी निघायला हवं. दर हंगामानुसार न बदलणारा, करार मराठी-कोंकणीत लिहिलेला, वायपर आणि टायर तपासून दिलेले, आणि एकच माणूस जबाबदार. मी आनंदानं दोन पैसे जास्त देईन.

बांबोळीची ती तारीख शेवटी चुकली नाही. भाऊंना सकाळी पोळ्या घेताना सहज बोलले, तर त्यांनी सुनेच्या भावाला फोन लावला. त्याची पिवळ्या पाटीची टॅक्सी आहे. तो वेळेवर आला, आईला हात धरून बसवलं, तपासणी होईपर्यंत थांबला आणि नेहमीचंच भाडं घेतलं. संध्याकाळी दुकानात गेले तर भाऊंनी आधी विचारलं, "आवयचो पांय कसो आसा?" आणि मग सोलांची बरणी पुढे केली. मावशीसाठी अर्धा किलो बांधून ठेवलीत, गाडी आली की घेऊन जा म्हणाले.