विक्रीस काढलेले घर

आजोबांनी फ्रीगंजात स्वकष्टाने बांधलेले घर आम्ही विक्रीस काढले, त्याला तीन वर्षे झाली. २०२२ मध्ये 'महाकाल लोक' झाले, २०२८ चा सिंहस्थ तोंडावर आहे. गिऱ्हाइकांची वाण नाही. तरी सौदा होत नाही. कोणी किमतीला बोल लावतात, कोणी वास्तुदोषाला.

खरे कारण कागदांत आहे. आजोबा १९६४ साली मृत्युपत्राविना गेले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने अशा घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच. मात्र भावांनी वाटणी केल्याखेरीज राहत्या घराची वाटणी तिला मागता येत नसे. ते २३ वे कलम २००५ साली गेले. तोवर लेकींना घरात काही नाही, हा समज घरोघर मुरला होता. महापालिकेच्या दप्तरी काकांचे नाव लागले. पण तशा नोंदीने मालकी ठरत नाही. जाणते गिऱ्हाईक पुण्याच्या आत्यांची सही मागते आणि थांबते.

आत्या म्हणतात, "सही देते रे, पण घर विकायचे का, हे आधी मला विचाराल की नाही?"

दिवाळीत आम्ही सारी भावंडे पुण्यास जाणार आहोत, तेवढेच विचारायला. त्या 'नको' म्हणाल्या, तर दारावरची पाटी उतरवू.