संगणकाचा पडदा आणि शेजाऱ्याची अब्रू

सांगितलेले अर्धे समजते आणि दाखविलेले पुरते समजते, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा अनुभव आहे. भाकरी थापण्याची रीत कोणत्याही आईने मुलीस तोंडी शिकविली नाही. परातीपाशी बसवूनच शिकविली. परंतु आज बेळगाव-खानापूरकडील आमच्या कितीतरी घरांत शिकविणारा एका देशी आणि शिकणारा दुसऱ्या देशी, अशी स्थिती आहे.

आमचे थोरले पुतणे दुबईस नोकरीला असतात. मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घरच्या संगणकावर भरण्याचे काम त्यांच्या पत्नीवर येऊन पडले. “वर डावीकडे दाब, मग खाली ये,” असे दूरध्वनीवरून सांगण्यात तीन संध्याकाळी गेल्या. दोघांचाही धीर सुटू लागला आणि बोलण्यात कडवटपणा आला. अखेरीस पुतण्यांनी आपल्याच संगणकाच्या पडद्यावर ती सारी कृती करून तिचे चलच्चित्र घरी धाडले. सूनबाईंनी ते चार वेळा पाहिले, जेथे अडले तेथे थांबविले आणि अर्ज स्वतः भरला.

हे काम त्यांनी व्हीएलसी नावाच्या साधनाने केले. नारिंगी-पांढऱ्या शंकूचे चिन्ह असलेले हे साधन पुष्कळांच्या संगणकावर गाणी व चित्रपट लावण्यासाठी असतेच. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हाती घेतलेल्या कामातून ते निर्माण झाले आणि २००१ पासून सर्वांस मुक्तपणे खुले झाले. त्यास दाम पडत नाही. तेच साधन पडद्याचे चित्रणही करते, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते.

रीत अशी. विंडोज संगणकावर व्हीएलसी उघडून ‘मीडिया’ या यादीतील ‘कन्व्हर्ट/सेव्ह’ निवडावे. तेथे ‘कॅप्चर डिव्हाइस’ या भागात जाऊन ‘कॅप्चर मोड’पुढे ‘डेस्कटॉप’ घ्यावे. दर सेकंदास किती चित्रे टिपावयाची तो आकडा १० ते १५ ठेवावा. तो १ राहिल्यास चित्र अडखळत चालते. मग खालचे ‘कन्व्हर्ट/सेव्ह’ दाबून एमपी४ हा प्रकार निवडावा, धारिकेस नाव द्यावे आणि ‘स्टार्ट’ करावे. काम आटोपताच चौकोनी खुणेचे बटण दाबून चित्रण थांबवावे व मगच साधन बंद करावे, नाहीतर धारिका अपुरी राहण्याचा संभव असतो.

यात दोन उणिवा आहेत. या रीतीने आपला आवाज टिपला जात नाही, आणि माउसचा बाणही बहुधा चित्रात येत नाही. म्हणून पुतण्यांनी पडद्यावरच एका कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत सूचना टंकल्या होत्या. चित्रणापूर्वी बँकेची पाने व खासगी पत्रे मिटवून ठेवावीत. पडदा जे दाखवील ते सारे टिपले जाते. परवलीचा शब्द तर चित्रणात कधीच येऊ देऊ नये.

येथवर सारे उपयोगाचे झाले. परंतु वाचकहो, जे साधन आपला पडदा टिपते, तेच पडद्यावर दिसणाऱ्या दुसऱ्या माणसासही टिपते. २०२० सालच्या टाळेबंदीत आमची काही कुटुंबे संध्याकाळी संगणकावर व मोबाइलवर एकत्र येऊन जपमाळ म्हणत असत. एके रात्री एका भगिनीने घरातील व्यसनाचे दुःख सर्वांपुढे ठेवले आणि प्रार्थना मागितली. कोणीतरी ते टिपले होते. आठ दिवसांत तिचे अश्रू गावभर हातोहाती फिरले. ती भगिनी पुढे कित्येक महिने जपमाळेस आली नाही. चर्च उघडल्यावरही मागच्या बाकावर बसून मिस्सा संपण्यापूर्वीच निघून जाई.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. त्या चित्रणात खोटे काहीच नव्हते, असे म्हणून काहींनी मनाची समजूत घातली. परंतु कारण नसताना दुसऱ्याचे खरे व्यंग उघड करणे हेही त्याच आज्ञेविरुद्धचे पाप आहे, असे ख्रिस्तसभा शिकविते. तोंडची चहाडी काळाने विरते. टिपलेली चहाडी पुसू म्हटले तरी पुसत नाही.

असिसीची संत क्लेअर आजारामुळे नाताळच्या रात्री चर्चमध्ये जाऊ शकली नाही, तेव्हा तिला अंथरुणावरूनच तो विधी दिसला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. म्हणूनच पोप पायस बारावे यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. जे दूर आहे ते जवळ आणावे, एवढेच त्या दर्शनाचे प्रयोजन होते.

तेव्हा परदेशी असलेल्या मुलांनी आईसाठी, शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी, धर्मशिक्षण देणाऱ्या भगिनींनी आजारी बालकांसाठी हे साधन अवश्य वापरावे. मात्र पडद्यावर दुसरे माणूस असेल, तर आधी त्यास विचारावे. ते नको म्हणाले, तर साधन मिटवून ठेवावे. आणि असे एखादे चित्रण आपल्या मोबाइलवर आजही पडून असेल, तर ते आज रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी पुसून टाकावे.